मंगळावरचा हाकारा

मंगळावर दोनशे बारा माणसं राहत होती आणि कडूबाला त्यांतल्या प्रत्येकाचं नाव पाठ होतं. संग्रामपूरजवळच्या त्याच्या स्वतःच्या गावात मात्र त्याला नावानं हाक मारणारी माणसं दोनच उरली होती. एक भिंतीपलीकडची अन्नपूर्णाकाकू आणि दुसरा पोस्टमन, तोही आठवड्यातून एकदा. चार एकर बागाईत, एक विहीर, एक बैलजोडी, वांग्या-मिरच्यांचे वाफे आणि एका माणसापुरती चूल, एवढाच संसार. आईबाप गेलेले, लग्न केलेलं नाही. वय छत्तीस, पण सकाळी तोंड धुतल्यापासून सांजेपर्यंत त्या तोंडातून बैलांखेरीज कुणासाठी शब्द निघत नसे. अशी वर्षं गेली की माणूस आहे त्याहून जुना दिसायला लागतो, तसा तो दिसायचा.

गावात बोलायला कुणी नाही म्हटल्यावर त्यानं मंगळावर वस्ती केली. एकोणसत्तर साली माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी ग्रामपंचायतीच्या रेडिओवर सगळ्यांनीच ऐकली. लोक घरी गेले, जेवले आणि विसरले. कडूबानं दुकानातून शंभर पानी वही आणली. सातवी पास माणूस, पण वाचनाचा नाद लहानपणापासूनचा. त्यानं वहीत एक भलामोठा काचेचा घुमट उभा केला. घुमटाच्या आत हवा, पाणी, भाजीचे मळे आणि दोनशे बारा माणसं. बाहेर नुसतं मरण. वस्ती म्हटली की भांडणं आली, चोऱ्या आल्या, आणि त्यामागून पहारेकरी आले. इथंच कडूबाची गाडी अडली. पहारेकऱ्याच्या हातात बंदूक द्यायची कशी? एक गोळी चुकली तर काच फुटणार आणि भांडणारे, सोडवणारे सगळेच जाणार. तेव्हा माणसाला जागच्या जागी थांबवील पण मारणार नाही, असं काहीतरी शस्त्र पाहिजे होतं.

कथेपुरतं हे कारण अगदी चोख होतं. कडूबापुरतं कारण निराळं होतं, आणि ते मंगळावर नव्हतं, त्याच्याच वावरात होतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्या सालची गोष्ट. दिवाळी आठ दिवसांवर आली होती, ज्वारी दाण्यात होती आणि कडूबा मचाणावर राखणीला बसला होता. राखणीचा नियम त्याच्या बापानं, तुळशीरामनं, त्याला गोफण हातात देताना शिकवला होता. पिकात सळसळ झाली की आधी उठायचं. मग हाकारा द्यायचा, पोटातून, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा. तीन श्वास थांबायचं. आणि मग गोफणीचा गुंडा, म्हणजे दगड, सोडायचा, तोही पिकाच्या डोक्यावरून. बायाबापड्या ज्वारीतल्या पायवाटेनं येतात-जातात, म्हणून हा नियम. त्या पट्ट्यात तो कुणी मोडत नसे.

कडूबाची धाकटी बहीण मनकर्णा रोज दुपारी त्याची भाकर घेऊन यायची. ती बहिरी होती. तीन वर्षांची असताना तापात कान गेले. शाळेनं तिला घेतलं नाही, तेव्हा कडूबानं ओसरीवर ज्वारीचे दाणे मांडून तिला अक्षरं शिकवली. घरात दोघांची हाताची एक बोली होती, ती आईलाही पुरती कळत नसे. मचाणावरून तो हाकारा द्यायचा आणि मग कधी कधी कणसांच्या वर एक पांढरं फडकं हलताना दिसायचं. भाकरीचं फडकं. ते दिसलं की कडूबा खूश व्हायचा, भाकर आली म्हणून.

त्या दिवशी त्याच्या डाव्या हातात एक जुनं मासिक होतं. त्यात चंद्रावर निघालेल्या माणसांची गोष्ट होती आणि ती अगदी रंगात आली होती. ज्वारीत सळसळ झाली. रोही, म्हणजे नीलगाय, शिरला असेल, असं त्याला वाटलं. तो उठला नाही, नुसता एका गुडघ्यावर झाला. डोळे पानावरच होते. भरून ठेवलेली गोफण उजव्या हातानं दोनदा फिरवली आणि सळसळीवर सोडली.

गुंडा मनकर्णाच्या डाव्या डोळ्याला लागला. डोळा गेला. ठरलेलं लग्नही गेलं.

बापानं एकच विचारलं होतं. "हाकारा देला होता का?"

"हाव," कडूबा म्हणाला.

बस्स, तेवढाच शब्द. तुळशीरामनं कपाळाला हात लावला. "मंग तू तरी काय करशीन? पोरीलेच आयकू येत नाई," तो म्हणाला. सगळं गाव तेच म्हणालं. एका शब्दात सगळा दोष मनकर्णाच्या मेलेल्या कानांवर गेला आणि तिला तो ऐकूही आला नाही. दोन वर्षांनी तिचं लग्न नांदुऱ्याच्या किसनरावांशी झालं. किसनराव बिजवर, बाजारात भाजीचं दुकान असलेले. माणूस चांगला निघाला, हे तिचं नशीब म्हणायचं, कडूबाचं काही त्यात नव्हतं. गुंडा लागला त्याच दिवशी कडूबानं गोफण आढ्याला खोचली होती, ती पुन्हा काढली नाही. लग्नाचा विषय निघाला की तो उठून विहिरीवर जायचा.

आणि तो बहिणीकडे कधीच गेला नाही. दरवर्षी दिवाळीच्या आधी तिचं कार्ड यायचं. वळणदार, मोठ्या अक्षरात एकच ओळ: दादा, भाऊबीजेले ये. दरवर्षी तो नांदुऱ्याला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती लुगडं आणि टोपलीभर वांगी धाडायचा, आणि स्वतः भाऊबीजेच्या दिवशी दार लोटून आत बसायचा. त्याच्या जवळ एक समजूत होती, तिच्यावर तो जगत होता. हाकारा दिला असता तरी तिला कुठं ऐकू येणार होतं? ही समजूत तो रोज घासूनपुसून ठेवायचा. पण समजूत एक आणि बहिणीच्या उरलेल्या डोळ्यासमोर बसणं एक. मग वही सुरू झाली तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं, की ज्या दिवशी भलत्या माणसाला इजा करणार नाही असं शस्त्र आपल्या डोक्यातून निघेल आणि छापून येईल, त्या दिवशी ते हातात घेऊन मनकर्णाकडे जायचं आणि खरं काय ते सांगायचं. असल्या अटी माणूस स्वतःला घालतो त्या बहुतेक न जाण्यासाठीच, पण कडूबानं ही अट मनापासून घातली होती.

पुण्याच्या एका मासिकाचे संपादक विज्ञानकथा छापायचे. त्यांना कडूबानं पहिली कथा पाठवली, तीत पहारेकऱ्यांच्या पाठीला मिरचीच्या धुराचे भाते होते. ठसका लागला की माणूस पळूच शकत नाही. हे तो अंदाजानं लिहीत नव्हता. गोठ्यात मिरच्या पेटवून, दार लावून, स्वतः आत बसून बघितलं होतं. डोळे तीन दिवस सुजले. पण त्याच्या आधी भिंतीपलीकडून अन्नपूर्णाकाकू काठी टेकत आली, दम्यानं तिच्या छातीची शिट्टी वाजत होती.

"काय रे बापा कडूबा, मले मारतं का काय? धूर काऊन करून राह्यला?"

"कोनी मरू नये म्हणूनच करून राह्यलो, काकू."

"मंग मी का कोनी नाई?" काकूनं विचारलं आणि तिथंच ओट्यावर बसून अर्धा तास खोकली.

पंधरा दिवसांनी संपादकांचं कार्ड आलं. 'कल्पना नवी आहे, पण पटत नाही. मंगळावर दमेकरी नाहीत काय? शिवाय आपले पहारेकरी एकमेकांना 'काऊन बे' म्हणतात ते पुण्यात समजणार नाही.' कडूबा ते कार्ड हातात धरून बराच वेळ हसला. किती वर्षांनी कुणीतरी त्याच्याशी वाद घातला होता. त्यानं ते कार्ड देवळीत, कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवलं.

तिथून दोन वर्षं ही पत्रापत्री चालली. पुण्याचा तो माणूस मोठा खवट होता, पण उत्तर दिल्याशिवाय राहत नसे, आणि एकट्या माणसाला एवढं पुरतं. सातपुड्याच्या पायथ्याहून कडूबानं खाजकुयरीच्या शेंगा आणल्या, त्यांची लव स्वतःच्या दंडावर चोळली आणि दोन दिवस शेण लिंपून फिरला. मंगळावरचे पहारेकरी ती लव फुंकू लागले. संपादकांनी लिहिलं, 'घुमटात हवा सगळ्यांची एकच. चोराबरोबर सारी वस्तीही खाजवत बसेल.' मग उंबराच्या चिकाचे गोळे आले, पाखरं धरायला वापरतात तसल्या चिकाचे. चोराच्या पायावर गोळा बसला की तो खिळलाच. 'आणि नाकातोंडावर बसला तर?' असं विचारणारं कार्ड पोस्टमनच्या पुढच्याच फेरीला हजर. जवसाच्या तेलानं फरशी निसरडी करायची युक्ती मात्र पुण्यापर्यंत गेलीच नाही. ती कडूबानं आपल्याच ओसरीवर करून बघितली आणि पंधरा दिवस कंबर धरून वाकून चालला. मंगळावर म्हातारी माणसं आहेत, हे त्याचं त्यालाच आठवलं.

प्रत्येक वेळी तो नव्या शंकेचं माणूस वस्तीत शोधायचा आणि ते तिथं असायचंच. दमेकरी कारभारी होता, म्हातारी केसरबाई होती, पायानं अधू असा गुलाबराव होता. भाकरी थापताना तो त्यांच्याशी बोलायचा. घरात दुसरं ताट मांडायला कुणी नव्हतं, पण मंगळावर कोण जेवलं नाही हे त्याला माहीत असायचं.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात तो खामगावच्या बाजाराला गेला होता. तिथं जिनिंगचा भोंगा वाजला आणि त्याच्या पोटात कालवलं. घरी येऊन त्यानं लिहिलं, की मंगळावर एक असा भोंगा आहे, ज्याच्या आवाजानं पोटातलं पाणी हलतं आणि पळणारा माणूस आपसूक खाली बसतो. कुणाला लागत नाही, कुणी पडत नाही, भोंगा बंद झाला की सगळे उठतात. त्याला वाटलं, झालं. त्यानं नव्या लुगड्याचा रंगसुद्धा मनात ठरवला.

आषाढ लागता लागता कार्ड आलं. 'भोंगा पटला. एकच शंका. आपल्या दोनशे बारा माणसांत कोणी बहिरे असेल तर त्याचे काय? ते थांबणार नाही, आणि पहारेकऱ्याला वाटेल की मुद्दाम थांबत नाही.'

कडूबानं कार्ड दोनदा वाचलं आणि खाली बसला. दोनशे बारा माणसं. त्यानं दमेकरी घातला होता, लंगडा घातला होता, तोतरा घातला होता, एक आंधळा गवई घातला होता. बहिरं एकही नव्हतं. दोन वर्षं त्यानं सगळं जग वसवलं आणि जिच्यासाठी वसवलं तिलाच तेवढं बाहेर ठेवलं, काचेच्या बाहेर, जिथं हवा नव्हती. पुण्याच्या अनोळखी माणसानं ते बोट ठेवून दाखवलं. त्या दिवसापासून वही बंद झाली. पोस्टमन येऊन रिकाम्या हातानं जायचा आणि कडूबा त्याच्याकडे बघायचाही नाही. इतका एकटा तो आईबाप गेले तेव्हाही झाला नव्हता, कारण आता मंगळही ओस पडला होता.

महिनाभरानं एका दुपारी वानरांची टोळी वांग्यांत उतरली. डबे बडवून ती हलेनात. कडूबा धुऱ्यावर, वावराच्या कडेच्या बांधावर, उभा राहिला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडातून हाकारा निघाला. हातात काहीच नव्हतं, नुसता हाकारा. वानरं गेली. तो मात्र तिथंच उभा राहिला. त्यानं पुन्हा एकदा हाकारा दिला, मुद्दाम, स्वतःकडे लक्ष ठेवून. पोटातून आवाज काढायचा तर बसून जमत नाही, उठावंच लागतं. छाती भरायची तर मान वर होते. आणि मान वर झाली की डोळे समोर जातात, ते पुस्तकात राहूच शकत नाहीत. बापाचा नियम वानरांसाठी नव्हता, रोह्यांसाठी नव्हता, पायवाटेवरच्या बायांसाठीसुद्धा तेवढा नव्हता. तो गोफण धरणाऱ्याच्या डोळ्यांसाठी होता.

त्या आठवड्यात त्यानं शेवटचं शस्त्र लिहून काढलं. साधं चिकाचं जाळं फेकणारी नळी, पण तिचा चाप पहारेकऱ्याच्या छातीवरच्या पट्ट्याला बांधलेला. पहारेकरी उभा नसेल तर चाप हलत नाही. त्यानं पोटातून हाकारा दिल्याशिवाय हलत नाही. कपाळावरच्या भिंगाला त्याचे डोळे समोरच्या माणसावर दिसल्याशिवाय हलत नाही. तीन श्वास जातात, मगच जाळं सुटतं. असलं अडेलतट्टू शस्त्र मंगळावर का करावं लागलं, हेही त्यानं लिहिलं. एक पहारेकरी होता. तो बसून पुस्तक वाचत होता. त्यानं न उठता, न बघता गोळा फेकला, तो दोनशे तेराव्या माणसाला, एका बहिऱ्या मुलीला लागला, आणि विचारल्यावर तो 'हाव' म्हणाला.

हे पान लिहिताना कडूबा रडला. पाकीट पोस्टात टाकून आला तेव्हा त्याला भूक लागली होती, आणि तो दोन भाकरी जास्त जेवला.

पुण्याचं उत्तर लवकर आलं. 'हे पटले. यात शंका काढायला जागा नाही. दिवाळी अंकात घेत आहोत. भाषा थोडी स्वच्छ केली आहे, 'हाव' च्या जागी 'हो' घातले आहे.' आयुष्यात कुणाशी न भांडलेल्या कडूबानं त्याच दिवशी उलट टपाली कार्ड टाकलं: बाकी काय पाहिजे ते बदला. तो शब्द बदलू नका.

अंकात 'हाव' छापून आला.

भाऊबीजेच्या सकाळी तो एस.टी.त बसला. मांडीवर अंक, अंकावर लुगडं, लुगड्यावर दोन्ही हात. पूर्णा नदी मागे पडली. मनाशी तो तीच समजूत घोळवत होता: हाकारा दिला नाही हे खरं, पण दिला असता तरी तिला कुठं ऐकू येणार होतं? हे शेवटचं पांघरूण तेवढं त्यानं अंगावर ठेवलं होतं.

दार किसनरावांनी उघडलं. घटकाभर त्यांना ओळख पटली नाही. मग ते एकदम बाजूला झाले. "या भाऊ, या. लय वाट पाह्यली हो तिनं," एवढं म्हणून ते पाणी आणायला आत गेले.

मनकर्णा ओसरीवर आली. तीस वर्षांची बाई, अंगानं भरलेली, डावी पापणी मिटून आत गेलेली. ती रडली नाही. तिनं भावाच्या डोक्यावरून हात फिरवला, पांढरे केस बोटानं दाखवले आणि हसली. कडूबानं तिच्यापुढं अंक उघडून ठेवला. ती बोट ठेवून वाचू लागली, दाण्यांवरून शिकली होती तशी, एकेक अक्षर. चहा आला आणि निवून गेला. कडूबा भिंतीला टेकून तिच्या बोटाकडे बघत राहिला. बोट ओळींमागून ओळी सरकत गेलं, दोनशे तेराव्या माणसावर जरा थांबलं, पुढं गेलं, आणि 'हाव' वर येऊन राहिलं ते हललंच नाही.

मग कडूबानं हातांनी सांगितलं. तिचं लग्न झाल्यापासून ती बोली तो कुणाशी बोलला नव्हता, पण हात विसरले नव्हते. त्यानं स्वतःचं मिटलेलं तोंड दाखवलं. गोफण फिरवून दाखवली. डाव्या हातातलं पुस्तक दाखवलं. मी हाकारा दिला नव्हता. मी खोटं बोललो. सगळ्यांनी तुझ्या कानाला दोष दिला, आणि मी देऊ दिला.

मनकर्णानं अंक मिटला. ती जवळ सरकली. तिनं आपल्या गेलेल्या डोळ्यावर बोट ठेवलं, मग हात वर उंचावून मचाण दाखवलं. दोन बोटांनी तिनं भावाचे ओठ उघडले, आणि लगेच स्वतः ताठ उभी राहिली, जागच्या जागी, हात वर करून फडकं हलवत. पुन्हा खाली बसली. पुन्हा त्याचे ओठ उघडले, पुन्हा उभी राहून फडकं हलवलं. रोज, असं तिचे हात सांगत होते. रोज वावरात शिरले की मी तुझ्या तोंडाकडे बघायची. तोंड उघडलं की थांबायची, आणि फडकं वर करायची, मी इथं आहे म्हणून.

मग तिनं त्याचे ओठ चिमटीत धरून मिटले. त्या दिवशी तोंड उघडलं नाही, म्हणून मी चालत राहिले.

हाकारा दिला असता तर ती थांबली असती. बहिरी होती तरी थांबली असती. अकरा वर्षं जपलेलं पांघरूण तिनं चिमटीनं उचलून बाजूला ठेवलं होतं, आणि ती हे सगळं पहिल्या दिवसापासून जाणत होती. बापानं कपाळाला हात लावला तेव्हा, लग्न मोडलं तेव्हा, सगळं गाव तिच्या कानांवर बोलत होतं तेव्हाही. त्यानं हातांनी विचारलं, मग तू कुणाला सांगितलं का नाहीस?

तिनं कोनाड्यातली पेन्सिल घेतली आणि अंकाच्या समासात मोठ्या, वळणदार अक्षरांत लिहिलं: तू सांगशीन म्हणून.

कडूबा गुडघ्यांत डोकं घालून रडला. तिनं त्याला रडू दिलं. मग उठून पाट मांडला, तबक लावलं, त्याच्या डोक्यावर टोपी नीट बसवली आणि ओवाळायला उभी राहिली. ओवाळताना बायका दिव्याकडे बघतात. मनकर्णाचा एकुलता डोळा भावाच्या तोंडाकडे होता.

कडूबानं मान वर केली, छाती भरून घेतली आणि तिला दिसेल असं, तोंड पुरतं उघडून, तिचं नाव घेतलं.

मनकर्णानं पदराचं टोक हातात धरून वर केलं आणि हलवलं.